नर्मदाबाईला झील कोण देणार

नर्मदाबाईनं डफ उन्हात धरला, बोटाच्या पेरानं एक टिचकी मारली, आणि समोरच्या लिंबावरचे होले उडाले.

"तापला," ती म्हणाली. "आता याले कोनी हात लावू नका."

चैत्राचं ऊन होतं. यावल तालुक्यातल्या आमच्या मोरधामण्यात त्या दिवशी मरीआईची जत्रा. केळीच्या बागांतून येणारा वारासुद्धा तव्यावरून आल्यासारखा लागत होता. संध्याकाळी भगत बारा गाड्या ओढणार होता, त्यासाठी बैलगाड्या एकीमागे एक बांधून रस्त्यावर उभ्या केल्या होत्या. गाड्या ओढायच्या आधी वहीचा सामना. साल सत्त्याऐंशी. व्हिडिओवाल्यानं शाळेमागं तंबू ठोकला होता, तरी लिंबाखाली सकाळपासून गोणपाटं टाकून लोकांनी जागा धरल्या होत्या. त्या वर्षी पहिल्यांदाच एक बाई वस्तादाच्या जागी बसणार होती.

वही म्हणजे आमच्याकडे लिहायची नाही, गायची. दोन पार्ट्या डफ घेऊन समोरासमोर बसतात. एक वस्ताद गाण्यातून सवाल टाकतो, दुसरा गाण्यातूनच जवाब देतो. वस्तादामागे त्याचे झीलकरी असतात. प्रत्येक कडव्याची शेवटची ओळ ते उचलून धरतात आणि तिच्यासोबत झांजेचे दोन ठोके देतात. तीच झील. वस्तादाचा गळा कितीही गोड असो, मागे झील नसेल तर वही उभी राहत नाही. खांब नसलेल्या मांडवासारखी अंगावर येते.

मोरधामण्याचे नियम जुने होते. सवाल टाकणाऱ्यानं आपला जवाब आधी पंचाच्या कानात सांगून ठेवायचा. समोरच्याला विचार करायला एक विडा चघळून होईल एवढा वेळ. जो हरेल त्यानं आपला डफ दुसऱ्यापुढं जमिनीवर ठेवायचा. तो डफ वर्षभर तिकडेच राहतो, पुढच्या जत्रेत नवा मढवून आणायचा आणि जुना सोडवायचा. आणखी एक नियम होता. समोरचा गात असताना आपल्या डफावर आपला हात पडला, तर आपण हरलो. साथ दिली म्हणजे मानलं. चोपड्याकडचा एक नावाजलेला वस्ताद असा हरला होता. त्यानं डफावर बसलेली माशी मारली होती.

तोताराम, नर्मदाबाईचा नवरा, आमच्या गावचा वस्ताद होता. एरवी केळीच्या गाड्या भरायचा. आदल्या भादव्यात एका बागेत घड खांद्यावर घेऊन चालता चालता तो खाली बसला. घड तसाच खांद्यावर. लोकांना वाटलं, दम घेतोय. तो उठला नाही.

नर्मदाबाई तेव्हा पंचेचाळिशीची असेल. उंच, काटक, मिश्रीनं काळे झालेले दात, आणि हसली की ते सगळे दाखवणारी. लोकांच्या बागांत केळीच्या बुंध्याशी फुटणारी पिलं कापायला जायची. तोताराम पुढे आणि ती मागे अशी त्यांची वर्षानुवर्षांची चाल होती. चालता चालता तो ओळी जुळवायचा. बागेत पोहोचेपर्यंत निम्म्या विसरायचा, आणि संध्याकाळी त्या हिच्याकडून परत घ्यायचा. कधी कधी त्यानं दिलेल्या नसलेल्या ओळीही परत मिळायच्या. त्याची त्याला तक्रार नव्हती. एकदा कोणीतरी तिला विचारलं होतं, "वस्तादाच्या वहीत तुझं किती नि त्याचं किती?" ती म्हणाली होती, "भाकर खा ना भाऊ. पीठ कोनी दळलं, काय करतो इचारून?"

तोताराम गेल्यावर पार्टीचं काय, हा प्रश्न दहाव्यालाच निघाला. त्याचा पुतण्या देवचंद झीलकऱ्यांत पहिला होता. तिशीचा, गळा चांगला, दिसायला राजबिंडा, पांढऱ्या टोपीला रोज नीळ लावणारा. सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं की डफ त्याच्याकडे जाणार. नर्मदाबाईनं डफ खुंटीवरून काढला नि मांडीवर घेऊन बसली.

"काकी, तू मागं बस," देवचंद म्हणाला. "तुले बठ्ठ्या वह्या पाठ हायेत. मी अडलो की सांगजो. गाईन मी."

"मागं बसूनच सांगायचं त घरातून सांगते ना. तू खिडकीले कान लाव."

"बाईमानसानं जत्रेत डफ धरायचा?"

"केळीचा घड धरते तवा तू कधी इचारलं नाही, बाईमानसानं घड धरायचा का."

वाद लोटननानांपुढं गेला. लोटननाना म्हणजे जत्रेचे पंच, जुने पोलीसपाटील, ऐकायला कमी येतं असं दाखवणारे आणि सगळं ऐकणारे. त्यांनी तोडगा काढला. एक जत्रा नर्मदाबाईला. देवचंद आणि दोघं झीलकरी मागे बसतील. हरली तर डफ तर जाईलच, पुन्हा वस्तादाच्या जागी तिनं बसायचं नाही. देवचंद नवा डफ मढवेल आणि पार्टी त्याची. देवचंदनं वर आणखी एक अट घातली. "काकाच्याच वह्या गायच्या. काकाबाहेरचं एक अक्षर गायलीस तर मी झील देनार नाही. वस्तादाचं नाव मी बुडू देनार नाही."

नर्मदाबाईनं पदर खोचून घेतला. मग म्हणाली, "बरं."

आणि आता ती लिंबाखाली बसली होती. शेजारी ढोलकी घेऊन म्हातारा उखर्डू, तोतारामाचा सोबती, ज्याला गावातल्या कुठल्याच भांडणात रस नव्हता. मागे झांज घेऊन देवचंद आणि दोघं. दोरीपलीकडे बायका. बायका नेहमी कडेला बसायच्या, त्या दिवशी त्या दोरीला चिकटून बसल्या होत्या.

समोर चुडामण वस्ताद. मूळचा धुळ्याकडचा, नोकरीनिमित्त वरणगावच्या कारखान्यात आलेला. गावोगावच्या जत्रांत त्याचा दरारा होता. पण मोरधामण्यात तोतारामानं त्याला दोनदा हरवलं होतं, आणि ते तो विसरला नव्हता. जाडजूड, मिशा पिळलेल्या, नव्या टेरिकॉटच्या शर्टात घामानं भिजलेला. इतकी वर्षं इकडे राहून त्यानं आपली अहिराणी सोडली नव्हती. बसल्या बसल्या त्यानं सुरुवात केली.

"तोतारामनी पार्टी उनी. पन तोताराम कथा शे?"

पार्टी आली, पण तोताराम कुठाय, असा टोमणा. लोक हसले. नर्मदाबाई डफाची कडी पुसत राहिली.

"वहिनी, घर जाय ना. भाकरी थंडी व्हई राहिनी."

"भाकर बांधून आनली भाऊ," नर्मदाबाई मान वर न करता म्हणाली. "तुमी हरले का रडून रडून भूक लागीन. तवा दिईन."

आता बायका हसल्या. चुडामणही हसला. त्याला चांगला टोमणा कळायचा, मग तो कोणाचाही असो.

नमन झालं. पहिले दोन सवाल देवादिकांचे, हात मोकळे करायला असतात तसे. नर्मदाबाईचा आवाज सुरुवातीला घट्ट होता, तिसऱ्या कडव्याला सुटला. गोड नव्हता तो. कोयत्यानं पान कापताना येतो तसा, कोरडा आणि सरळ. पण डफ. डफावर तिची बोटं अशी चालली की गोणपाटावर आडवे झालेले लोक उठून बसले. देवचंदची झील वेळेवर, चोख, जराशी थंड. सरकारी कचेरीतल्या शिक्क्यासारखी.

मग चुडामण उठून उभा राहिला. म्हणजे आता खरा सवाल. तो लोटननानांजवळ गेला, वाकून त्यांच्या कानात काहीतरी बोलला आणि परत आला. डफावर त्यानं थाप मारली आणि अहिल्याबाईंची वही काढली.

लोकांत एक लहर गेली. ही तर तोतारामाची वही. आमच्या सातपुड्यापलीकडे नर्मदा, नर्मदेच्या काठी महेश्वर, तिथं त्या राणीची गादी. तोताराम ही वही गायचा तेव्हा ती राणी आमच्याच शिवारातून घोड्यावर गेल्यासारखी वाटायची. चुडामणनं मुद्दाम तिच्याच अंगणात येऊन तिला हाक दिली होती.

तो गायला:

धनी गेला रणामधी, लेक गेला ज्वानीत,
एकटी राणी गादीवर, वैरी बसले टपत.
एक आला फौजेसंगं, एक घरचा कारभारी,
एक सातपुड्याचा वाटमाऱ्या, वाट लुटे दुपारी.
यातून मोठा, यातून खोटा, सांग वैरी कोन?
सांग न्हाईतर ठेव डफ, आणि धर मौन.

त्याच्या झीलकऱ्यांनी "धर मौन" असं उचललं की लिंबाची पानं हलली. चुडामण खाली बसला. कोणीतरी नर्मदाबाईपुढं विडा ठेवला. तिनं तो तोंडात घातला.

सवाल साधा नव्हता. तोतारामाच्या वहीत फौज होती, कारभारी होता, वाटमाऱ्या होता. राणीनं तिघांनाही कसं परतवलं ते होतं. आणि वही तिथंच संपायची, जयजयकारात. सगळ्यांत मोठा वैरी कोण, हे तोतारामानं कधी सांगितलंच नव्हतं. चुडामणनं ती वही इतक्या वेळा ऐकली होती, की तिच्यातली रिकामी जागा त्यानं शोधून ठेवली होती.

देवचंद पुढे सरकला. मी त्यांना खेटूनच गोणपाटावर बसलो होतो, मला सगळं ऐकू येत होतं.

"काकी, फौज म्हन. काकाची वही फौजेवर सर्वांत जास्त हाये. पन्नास हजाराची फौज म्हटल्यावर मोठा वैरी तोच."

नर्मदाबाई विडा चघळत होती. "फौज त एका निरोपानं परत गेली. जो एका निरोपानं परत जातो तो मोठा कसा?"

"मग कारभारी म्हन."

"त्याले तिनं दरबारात झापलं. झाला गप."

"मग काय? काकाच्या वहीत आनखी कोन हाये?"

"काकाच्या वहीत नाही."

देवचंदचा चेहरा बदलला. "काकी, आपलं ठरलं हाये."

"ठरलं हाये."

"मी झील देनार नाही."

नर्मदाबाईनं विडा थुंकला. वेळ संपली होती. उखर्डूनं तिच्याकडे पाहिलं, आणि तिनं मान हलवल्यावर ढोलकीवर हात टाकला.

तिनं सुरुवात तोतारामाच्या कडव्यांनीच केली. फौज आली:

पन्नास हजार घेऊन आला शिप्रेच्या तीरी,
राणीनं बाया उभ्या केल्या, भाले दिले करी.
धाडला निरोप, जिंकलास तर बाईला हरवलं म्हणतील,
हरलास तर तोंड लपवायला कुठल्या गावी नेशील?

दोरीपलीकडून एक म्हातारी खळखळून हसली आणि मग सगळीकडे ते हसू पसरलं. झील आली. शाळेमागच्या तंबूतून पाचसहा माणसं बाहेर येऊन उभी राहिली. नर्मदाबाई थांबली नाही. कारभारी आला:

म्हणे दत्तक घ्या हो बाईसाहेब, राज्य आम्ही बघू,
तुम्ही बसा देवापुढं, दौलत आम्ही राखू.
राणी म्हणे, एकाची मी बायको, एकाची मी माय,
माझ्याच घरच्या गादीवर बसू, तुला विचारू काय?

हे कडवं तोतारामाचंच होतं, वर्षानुवर्षं गायलेलं. पण त्या दिवशी ते संपल्यावर अख्खी जत्रा देवचंदकडे बघायला लागली. कोणीतरी मागून म्हणालं, "देवा, झील दे ना बाप्पा, तुलेच म्हनून राह्यली." देवचंदनं झील दिली. त्याचे कान टोपीच्या निळीहून वेगळ्या रंगाचे झाले होते.

मग वाटमाऱ्या:

वाट अडवी त्याच्याच हाती राणीनं वाट दिली,
लुटणाऱ्यानं राखणी करावी, अशी नवलाई केली.

व्हिडिओचा तंबू आता रिकामा झाला होता. व्हिडिओवाला स्वतः मशीन बंद करून गाडीच्या चाकावर चढून उभा होता. पलीकडे भगत हळद माखून बसला होता, त्याला गाड्या ओढायच्या होत्या, पण तोही डोळे मिटून मान डोलवत होता. इथं तोतारामाची वही संपत होती. इथून पुढे जयजयकार. देवचंदनं जयजयकारासाठी झांज वर उचलली सुद्धा.

नर्मदाबाईनं डफावरची लय अर्ध्यावर आणली. उखर्डू दचकला, पण ढोलकी तिच्यामागे गेली.

तीन वैरी तीन दिशांचे, तिन्ही राणीनं जिंकले,
जिंकता येतो तो कसला मोठा? मोठे वेगळे निघाले.

ही ओळ तोतारामाची नव्हती. मी त्याची वही लहानपणापासून ऐकत आलो होतो. उखर्डूनं तिच्याकडे पाहिलं, त्याच्या तोंडाचा चंबू झाला. झिलेची जागा आली. मागे शांतता.

देवचंदनं झांज मांडीवर ठेवली होती. बाकीच्या दोघांनी त्याच्याकडे पाहून आपापल्या ठेवल्या.

झील नसलेली जागा कशी असते ते ऐकल्याशिवाय कळत नाही. विहिरीत दगड टाकावा आणि तो पोहोचूच नये, तसं. लोक अस्वस्थ झाले. काहींना वाटलं, ती विसरली. एकजण "हरली, हरली" असं पुटपुटला. उखर्डूची ढोलकी लय धरून होती, पण ती फक्त पाऊल टाकत होती, सोबत कोणी नव्हतं. नर्मदाबाईच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता आणि तो पुसायला तिच्याकडे हात नव्हता. ती तशीच पुढे गेली.

जिचा हुकूम चाले नर्मदेच्या दोन्ही काठी,
तिचा शब्द थांबला लेकीच्या उंबऱ्यापाठी.
सासऱ्यानं म्हटलं, नको जाऊ, राणी राहिली मागं,
राणीनं म्हटलं, नको जाऊ, लेक गेली आगीसंगं.

सगळ्यांना ती गोष्ट माहीत होती. नवरा रणात पडला तेव्हा राणी सती जायला निघाली होती, म्हाताऱ्या सासऱ्यानं पदर पसरून तिला अडवलं. आणि पुढे किती वर्षांनी जावई गेला, तिची मुक्ता चितेकडे निघाली, तेव्हा हिनं पदर पसरला. मुक्ता थांबली नाही. गोष्ट माहीत होती. ती वैऱ्यांच्या रांगेत उभी करता येते, हे कोणाला सुचलं नव्हतं.

झिलेची जागा पुन्हा आली. पुन्हा ती पोकळी. आणि त्या पोकळीत दोन ठोके पडले.

धम्. धम्.

अचूक. जिथं पडायला हवे होते तिथंच.

ते नर्मदाबाईच्या बाजूनं आले नव्हते. समोरून आले होते. चुडामण वस्तादाचा उजवा हात त्याच्या स्वतःच्या डफावर होता.

क्षणभर त्याला स्वतःलाच कळलं नाही. तो नर्मदाबाईकडे बघत होता, तोंड थोडं उघडं, डोळे ओले की घामानं भरलेले ते सांगता येत नव्हतं. मग सगळी जत्रा आपल्या हाताकडे बघतेय हे त्याच्या लक्षात आलं. त्यानंही खाली पाहिलं. आयुष्यभर ज्या हातानं एक ठोका रिकामा जाऊ दिला नव्हता, त्यानं त्याला न विचारता हाही जाऊ दिला नव्हता.

"हात पडला," कोणीतरी ओरडलं. "वस्तादाचा हात पडला."

गलका झाला. चुडामणची माणसं उठली. कोण म्हणे माशी होती, कोण म्हणे हात घसरला. लोटननाना काठी आपटत होते. आणि या सगळ्यात नर्मदाबाई थांबली नव्हती. तिला बहुतेक काही दिसतच नव्हतं. तिची वही अजून संपायची होती.

फौज असती परतवली असती, चोर असता धरला असता,
लेकीचा हट्ट राणीनं कोणत्या किल्ल्यात कोंडला असता?

चुडामणनं हात वर करून आपल्या माणसांना खाली बसवलं. मग डफ मांडीवर नीट घेतला. या वेळी त्यानं हाताकडे पाहिलं, नर्मदाबाईकडे पाहिलं, आणि जागा आल्यावर जाणूनबुजून, खणखणीत, दोन ठोके दिले. वर ओळही उचलली. "कोंडला असता." त्याचा आवाज डोंगरासारखा होता. त्याच्या झीलकऱ्यांना काय करावं कळेना, मग एकानं उचललं, मग सगळ्यांनी. हरलेली पार्टी जिंकणाऱ्या वस्तादाला झील देत होती. असं मोरधामण्यात कोणी पाहिलं नव्हतं. बायकांनी दोरी पार ढकलत आणली होती.

शेवटचं कडवं ती डोळे मिटून गायली:

ज्याला तोफ लागत नाही, ज्यावर निरोप चालत नाही,
आपल्याच पोटचा तो वैरी, त्याचं वैर धरता येत नाही.
दुसऱ्या दिवशी राणी आली, गादीवर बसली,
हाच मोठा, हाच मोठा, याच्यापुढं ती टिकली.

आणि त्या "टिकली"ला देवचंदची झांज वाजली. मी वळून पाहिलं. तो खाली बघत होता. झांज त्याच्या हातात होती आणि तो वाजवत होता, थोडा उशिरा, ठोक्याच्या मागे.

डफ थांबला. लोटननाना उभे राहिले. लोक इतके गप्प झाले की रस्त्याकडेला सोडलेल्या बैलांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येऊ लागल्या.

"माझ्या कानात जो जवाब हाये," लोटननाना म्हणाले, "तो हा नाही. चुडामण वस्तादानं सांगितलं होतं, घरचा कारभारी. म्हनजे जवाबावर पाह्यलं त नर्मदाबाई हरली."

चुडामणच्या बाजूनं एक आरोळी उठली आणि अर्ध्यात विरली.

"पन हात आधी पडला," लोटननाना म्हणाले. "जवाब पुरा व्हायच्या आधी. हात पडला तथीच सामना संपला. असं मले दिसते. वस्तादाचं काय म्हननं हाये?"

चुडामणच्या झीलकऱ्यांतला एक तावातावानं म्हणाला, "नाना, त्यास्नी पार्टी चूप बसनी व्हती. फसवं शे हाई. चूप बसाडीसन हात पाडा."

चुडामणनं त्याच्या पाठीवर एक थाप मारली, डफावर मारतात तशी. "चूप रे. हात मना शे. तो खोटं बोलस नही. पहिल्यांदा चुकीसन पडना म्हन, दुसऱ्यांदा ते मीच टाका." दुसरा ठोका आपणच टाकल्याचं असं कबूल करून तो उठला. रिंगण ओलांडून आला, आणि आपला डफ नर्मदाबाईपुढं जमिनीवर ठेवला. "वहिनी, मना जवाब बी खोटा व्हता. कारभारी कसाना मोठा. कारभारी ते बठ्ठा घरमा राहस."

लोक हसले, आणि पुन्हा काहींनी देवचंदकडे पाहिलं.

नर्मदाबाईचा श्वास अजून चालत होता, धावून आल्यासारखा. तिनं समोरच्या डफाकडे पाहिलं. मोठा होता, कडीला पितळेच्या चकत्या. आता ती तो परत देणार, असं निम्म्या जत्रेला वाटलं. एक म्हातारा म्हणालाही, "दे माय परत, मोठं मन कर."

"भाऊ," ती चुडामणला म्हणाली, "माह्या जागी आज हे असते, त त्याईनं तुमचा डफ परत दिला असता?"

"तोताराम?" चुडामण म्हणाला. "तो ते उशाले लिसन झोपता."

"मग मी बी ठेवते. पुढच्या साली सोडवून न्या."

चुडामणनं मिशीवरून हात फिरवला. एवढ्या वर्षांत त्याच्या चेहऱ्यावर हरल्याचा असा आनंद कोणी पाहिला नसेल. "लई जबर बाई शे," तो आपल्या माणसांना म्हणाला, आणि मग तिला, "ती भाकर कथा शे? भूक लागनी."

तिनं फडकं सोडून त्याला भाकर दिली. वर मिरचीचा ठेचा. तो तिथंच उकिडवा बसून खायला लागला.

गाड्यांकडे लोक धावू लागले. भगताला उठवलं होतं. जिंकणाऱ्या पार्टीनं गाड्यांपुढं वाजवत जायचं असतं. नर्मदाबाई डफ घेऊन उठली, उखर्डू उठला. देवचंद बसलेलाच होता. ती त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली. मला वाटलं, आता ती त्याला जत्रेदेखत झाडणार. तोही तेच धरून बसला होता. खांदे वर घेऊन.

"देवा, गाड्या निघून राह्यल्या. चाल."

"काकी, मी..."

"शेवटची झील उशिरा दिली तू."

"हां."

"चुकू दे, उशीर होऊ दे, मी सांभाळून घिईन. झील थांबली त मात्र तू घरी. समजलं?"

तो झांज घेऊन उठला. पुढे नर्मदाबाई, मागे उखर्डू, मागे देवचंद आणि दोघं, असे ते गाड्यांपुढं वाजवत गेले. भगतानं दोर अंगावर घेतला, हळद उडाली, बारा गाड्या माणसांनी लदलेल्या एकदम हलल्या. धुळीत मला फक्त डफ ऐकू येत होता.

पुढच्या चैत्रात चुडामण नवा डफ मढवून आला आणि त्यानं नर्मदाबाईला हरवलं. रीतसर, स्वच्छ. तिनं त्याचा जुना डफ परत दिला, आपला त्याच्यापुढं ठेवला, आणि उसाच्या रसाच्या गाडीवर जाऊन उभी राहिली. बाजूला दोनचार माणसं सामन्याची चिरफाड करत होती. सामना संपला की नेहमी करतात तशीच, तोतारामाच्या वेळी करायचे तशीच.

"नर्मदाबाईची पार्टी यंदा सैल पडली," एकजण म्हणाला. "दुसऱ्या सवालालेच गेली."

"तिसऱ्या," नर्मदाबाई रसाचा गिलास खाली ठेवून म्हणाली. "दुसरा मी मारला व्हता."

"दुसऱ्यालेच, बाई."

"तिसऱ्याले," मागून देवचंद म्हणाला. काढलेल्या टोपीनंच तो घाम पुसत होता. "मले इचार ना. झील मी देत व्हतो."